मिल बंद ठेवण्याचा ठराव

आमच्या संस्थेचं नाव ‘मोकळा सूर’. ज्यांना गुरू नाही, कंपनी नाही आणि ज्यांच्या गाण्यात आजवर कुणी ढवळाढवळ केलेली नाही, अशा या भागातल्या गाणाऱ्यांना मदत करायची, असा तिचा नोंदणीपत्रातला उद्देश आहे. ही ढवळाढवळ करण्यासाठी सात जणांचं संचालक मंडळ आहे. आम्ही कोणीही मानधन घेत नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाला थांबवता येत नाही, हे मला मंडळावर आल्यानंतर कळलं.

मी सचिव आहे. जवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाणं शिकलेले नाही. मला मंडळावर घेतलं ते दोन कारणांनी. माझं अक्षर वाचता येतं आणि मी बैठकीत बोलत नाही.

अध्यक्ष गोपीचंद सेठ. सौंदडला स्टेशनच्या पलीकडे त्यांची राइस मिल आहे आणि मिलच्या ऑफिसात आमच्या बैठका होतात. ऑफिस आणि मशिनघर यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे पहिल्या बैठकीपासून आम्ही सगळे ओरडून बोलतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की आत मारामारी होणार. आत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम केलं जात असतं. उपाध्यक्ष भूपेंद्र सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात, एकदा मिलसाठी आणि एकदा आमच्यासाठी. संस्थेची घटना त्यांनीच लिहिली आहे आणि तिचा अर्थ फक्त त्यांनाच लागतो. दामिनीताई गाण्याचे क्लास घेतात आणि तालुक्यातल्या सगळ्या गायन स्पर्धांना परीक्षक असतात. त्यांच्या मते या जिल्ह्यात सुरात गाणारी दोन माणसं होऊन गेली, दुसरी त्यांची आई. उरलेले तीन संचालक नागपूर आणि रायपूरला राहतात आणि फोनवरून उपस्थित असतात. मिलच्या आवाजात त्यांना आमचं आणि आम्हाला त्यांचं काही ऐकू येत नाही, म्हणून त्यांची संमती गृहीत धरतात. हे कलमही घटनेत आहे.

मंडळाचं मुख्य काम मार्गदर्शन. वर्षातून एकदा नागपूरहून रोशन नावाचा ध्वनिमुद्रक त्याची यंत्रं घेऊन येतो. त्याचा एक दिवस आम्हाला मिळतो. त्या एका दिवसासाठी आम्ही वर्षभर बैठका घेतो.

या वर्षी तो दिवस दुर्पताबाईंना मिळाला.

दुर्पताबाई सेठच्याच मिलमध्ये अकरा वर्षं कामाला आहेत. मशिनघराच्या मागच्या भिंतीला लागून एक पडवी आहे. तिथं बसून त्या कनकी चाळतात, म्हणजे तांदळाचा चुरा वेगळा करतात. चाळता चाळता गाणी रचतात आणि म्हणतात. लिहून ठेवत नाहीत, कारण लिहायला दोन हात मोकळे लागतात. त्यांचं कनकीचं गाणं मिलमधल्या बायकांना पाठ आहे:

तांदूर गेला बाई टरकात बसून,
कनकी राहिली माह्यासंगं हासून.

पुढे बारा कडवी आहेत. अख्खा तांदूळ कुठकुठं जातो, कुणाच्या ताटात बसतो, कसा फुगतो आणि कनकी मात्र घरीच राहून कशी सगळ्यांची पोटं भरते, असं ते गाणं आहे.

मागच्या लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रावाल्यानं ते कुठूनसं उचललं. ‘कनकी’च्या जागी ‘पिंकी’ घातली, खाली ढोल टाकला आणि मांडवामांडवांत ‘आमचं नवं गाणं’ म्हणून वाजवायला लागला. तांदूळ ट्रकात बसून गेल्यावर पिंकी कुणासोबत आणि कशाला हसते, हे नाचणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. दुर्पताबाईंच्या सख्ख्या भाचीच्या लग्नात पिंकी वाजली. तिथं त्यांनी सांगितलं की हे गाणं माझं आहे. ऑर्केस्ट्रावाल्यानं माईकवरूनच उत्तर दिलं, मावशी, असं सगळेच म्हणतात, कुठं तुमच्या नावानं निघालेलं असेल तर दाखवा. लोक हसले. भाचीसुद्धा हसली.

म्हणून त्या मंडळासमोर आल्या. ऑफिसात चटई टाकली होती, पण त्या दारातच उभ्या राहिल्या. बारा कडवी म्हणून झाली तेव्हा दामिनीताईंनी चष्मा पुसला आणि सेठ बराच वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसले. काय हवं आहे, असं भूपेंद्र सरांनी दोनदा विचारलं. दुर्पताबाईंनी एकदाच सांगितलं.

“माह्या तोंडचा गाना माह्या नावानं निंगाला पाह्यजे जी. बाकी काई नको.”

गाणं एकमतानं निवडलं गेलं. मग मार्गदर्शन झालं. भूपेंद्र सरांनी सुचवलं की एका कडव्यात स्वच्छतेचा संदेश यावा. दामिनीताईंनी शेवटी छोटीशी तान घ्यायला सांगितली. सेठचं म्हणणं, गाणं फार छान आहे, पण चांगला तांदूळ बाहेर जातो याबद्दल तक्रार आहे असं कुणाला वाटू नये. फोनवरून एक जण काहीतरी बोलले. ते मी ‘भाषेबद्दल मौलिक सूचना’ असं लिहून घेतलं. दुर्पताबाई प्रत्येक सूचनेला ‘होय जी’ म्हणाल्या आणि गाणं होतं तसंच ठेवलं. मंडळाला इतकं नेमकं हाताळणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते.

चार वर्षांत मी मंडळाला एकही सूचना केली नव्हती. या वेळी मला वाटलं, आपल्या विषयातलं काही निघालं आहे. ध्वनिमुद्रण मिलमागच्या जुन्या गोदामात व्हायचं होतं. चारही बाजूंनी बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, थप्प्या लावल्या की त्या गोदामात आवाज घुमत नाही, खोली चांगली तयार होते. अडचण एकच होती, मिलची घरघर. मी फोनमध्ये आवाज मोजायचं एक अ‍ॅप घेतलं आणि दोन दिवस मोजमापं केली, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, दुर्पताबाई पडवीत चाळत बसल्या होत्या तेव्हा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि मोटर त्याच्या दुप्पट गुणगुणते. त्याप्रमाणे आलेखात शंभर हर्ट्झवर एक उंच रेघ आली. दोनशेवर दुसरी रेघ होती. दुपारच्या आलेखात ती सकाळपेक्षा बरीच उंच होती. मी तिच्याशेजारी लिहिलं, ‘मिलच्या आवाजाची दुप्पट, स्वतंत्र विचाराची गरज नाही.’

एका पानाचं टिपण केलं. आलेख जोडला. शिफारस : ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मिल पूर्ण बंद ठेवावी.

मंडळानं आलेख हातोहात फिरवला. दामिनीताईंनी तो उलटा धरला होता, तरी त्यांना पटला. सेठनी हंगामाच्या ऐन भरात एक दिवस मिल बंद ठेवायचं कबूल केलं आणि कबूल करताना उभे राहिले. भूपेंद्र सरांनी ठराव लिहून दिला. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सकाळी मी मिलच्या आवारात शिरले आणि थबकले. रेल्वे फाटकाची घंटा ऐकू येत होती. पत्र्यावर चालणारं कबूतर ऐकू येत होतं. भूपेंद्र सर ऑफिसच्या पायरीवर उभे होते. त्यांनी मला नेहमीच्या आवाजात नमस्कार घातला आणि स्वतःच दचकले. चार वर्षं आम्ही एकमेकांवर ओरडत होतो ते मिलमुळे, असा माझा समज होता. मिल बंद झाल्यावर दिसलं की सवय आमची स्वतःची झाली आहे. सेठ चहा मागत होते, तो आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल.

रोशननं गोदामात माईक लावला. तारा टाकल्या. त्याला चारला निघायचं होतं, संध्याकाळी नागपुरात दुसरं काम होतं. भूपेंद्र सरांनी त्याला आणि दुर्पताबाईंना नियम वाचून दाखवला : एका गाण्याला तीन टेक. मागच्या वर्षी चिचगडच्या एका गायकानं एका गाण्याला एकोणीस टेक घेतले आणि शेवटी पहिलाच ठेवला, तेव्हापासून हा नियम आहे. तीन टेकमध्ये गाणं झालं नाही तर उरलेला वेळ संस्थागीताला द्यायचा. संस्थागीत भूपेंद्र सरांनी लिहिलं आहे आणि दामिनीताईंनी त्याला चाल लावली आहे. सरांच्या फायलीत त्या दिवशी संस्थागीताच्या सहा प्रती होत्या. दामिनीताईंनी हार्मोनियम सोबत आणली होती आणि पैठणी नेसली होती. दोन्ही योगायोग.

दुर्पताबाई माईकसमोर उभ्या राहिल्या. रोशननं बोट वर केलं.

त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत काहीतरी बिनसलं. गाणं तेच होतं, पण जरा वर लागलं होतं. दुसऱ्या कडव्यात आणखी वर गेलं. चौथ्या कडव्यात उंच जायची जागा आली तेव्हा वर जायला जागाच उरली नव्हती. आवाज फाटला. त्या थांबल्या. पदर नीट केला, इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी हरवल्यासारखं.

मंडळ धावून आलं. सेठनी हळद घातलेलं गरम पाणी दिलं. भूपेंद्र सरांनी मोठ्या व्यासपीठाची भीती या विषयावर आठेक मिनिटं मार्गदर्शन केलं; ऐकणाऱ्याला भीती नसेल तर ती वाटायला लागावी इतकं ते नीट होतं. दामिनीताईंनी हार्मोनियम पुढे ओढली, काळी पाच दाबली आणि सांगितलं की बायकांचा सूर हा असतो, इथं धर.

दुसऱ्या टेकला दुर्पताबाईंनी तिथं धरलं. दोन ओळी झाल्या आणि त्या आपोआप खाली घसरल्या, हार्मोनियम वरच राहिली. दामिनीताईंनी पांढरी पाच देऊन पाहिली. ती किंचित खाली पडली. काळी चार दिली. ती वर झाली. दोघी दोन वाटांनी गेल्या आणि मध्येच रोशननं हात हलवून थांबवलं.

“सेठ, हिचा सूर पेटीत नाहीच,” दामिनीताई म्हणाल्या. “दोन पट्ट्यांच्या मधे आहे. याला बेसूर म्हणतात.”

भूपेंद्र सरांनी घड्याळ पाहिलं. एक टेक उरला होता. त्यांनी फाईल उघडली नाही, पण तिची दोरी सोडली.

दुर्पताबाई गोदामाच्या दारात येऊन बसल्या. मी त्यांना साधं पाणी दिलं, कारण हळदीचं पाणी त्यांनी थप्पीवर ठेवून दिलं होतं. त्या मशिनघराकडे पाहत होत्या.

“मिल काऊन बंद हाये जी आज?” त्यांनी विचारलं.

सेठ दुखावले. हंगामात एक दिवस मिल बंद ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न लागणारच. “अरे बाई, तुझ्याचसाठी तर बंद केली. तुझ्या गाण्यात आवाज नको म्हणून.”

“तो आवाज कायचा जी? तो तं सूर धरून राह्यते,” दुर्पताबाई म्हणाल्या. “अकरा सालापासून मांगं तोच हाये. त्यानं धरला का माहा गाना चालते. आज कोनीच नाई धरून राह्यला तं मी कुठी उभी राहू?”

सेठनी भूपेंद्र सरांकडे पाहिलं. सरांनी दामिनीताईंकडे. दामिनीताईंनी पैठणीचा पदर झटकला, बारदान्याचे धागे लागले होते.

मी फोन काढला. दोन दिवसांचे दोन्ही आलेख अजून त्यात होते. सकाळी दोनशेवरची रेघ बुटकी होती, दुपारी उंच. मिल दोन्ही वेळा सारखीच चालत होती. फरक एवढाच, की दुपारी पडवीत दुर्पताबाई गात होत्या. ती उंच रेघ त्यांचा षड्ज होता, मिलच्या बरोबर दुप्पट, एक सप्तक वर. आणि दोनशे हर्ट्झ पेटीत सापडत नाही. पांढरी पाच त्याच्या थोडी खाली येते, काळी चार बरीच वर. दामिनीताईंचं निरीक्षण बिनचूक होतं. बाई दोन पट्ट्यांच्या मधे गात होती, कारण महावितरणची वीज दोन पट्ट्यांच्या मधे येते. मी एका बाईचा तंबोरा मोजला, त्याला गोंगाट असं नाव दिलं, तिच्या स्वराशेजारी ‘स्वतंत्र विचाराची गरज नाही’ असं लिहिलं आणि दोन्ही काढून टाकायची शिफारस केली. आलेखासकट.

मी म्हटलं की चूक माझी आहे, मिल सुरू करायला हवी. मंडळासमोरचं माझं हे पहिलं वाक्य. ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं, कारण मिल बंद होती.

सेठ तयार होते. पण भूपेंद्र सरांनी बोट वर केलं. मिल बंद ठेवण्याचा ठराव एकमतानं झालेला आहे. तो सचिवांच्या एका वाक्यानं मोडता येणार नाही. मोडायचा तर बैठक घ्यावी लागेल. साध्या बैठकीला सात दिवसांची सूचना लागते. तातडीची बैठक लगेच घेता येते, पण ऑफिसात, गोदामात नाही. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

आम्ही ऑफिसकडे निघालो तेव्हा दुर्पताबाईंनी माझ्या साडीचा काठ धरला.

“मॅडम, आज नाई झाला तं माही कनकी गेली. पुढच्या लगनसराईत पिंकीच राह्यते.”

मी काठ सोडवून घेतला. बैठकीला जायचं होतं.

ऑफिसात आम्ही आपापल्या खुर्च्यांवर बसलो. फोन लावले. पहिल्यांदाच तिन्ही संचालकांचे आवाज ऐकू आले. एकाच्या घरी प्रेशर कुकर चालू होता. रायपूरच्या गृहस्थांनी आनंदानं सांगितलं की चार वर्षांत आज त्यांना प्रथमच कळतंय की ही संस्था संगीताची आहे.

सेठनी प्रस्ताव मांडला. मांडून झाला आणि त्या शांततेत भूपेंद्र सर, कागदावर मान घालून, ओठातल्या ओठात म्हणाले, “याला काय कळते.”

ते सवयीनं म्हणाले. पुढे निघालं की चार वर्षं, सेठच्या प्रत्येक वाक्यानंतर, ते हेच म्हणत आले होते. मिलच्या आवाजात ते कधी कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

सेठनी पेपरवेट खाली ठेवलं. काय म्हणालात, असं विचारलं. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला नकार दिला. दामिनीताईंनी मध्यस्थी म्हणून सांगितलं की सरांचा तसा हेतू नव्हता, ते संस्थागीताच्या चालीबद्दलही असंच पुटपुटतात आणि आपण मनावर घेत नाही. सरांनी विचारलं, तुम्हाला ऐकू जात होतं? दामिनीताई म्हणाल्या की त्या गाण्यातल्या आहेत, त्यांना ओठ वाचता येतात. मग त्यांनी संस्थागीताच्या शब्दांबद्दल त्यांचं मत सांगितलं. फोनवरचा कुकर बंद झाला, कारण तिकडेही लोक नीट ऐकायला लागले होते.

घड्याळात दोन पन्नास झाले. विषयपत्रिकेवरचा विषय कुणाच्याच लक्षात नव्हता. मी वही मिटली आणि बाहेर आले. कुणी पाहिलं नाही. मी बैठकीत असणं आणि नसणं यात तसा ऐकू येण्याजोगा फरक नाही.

मशिनघराच्या दारात उदाराम मिस्त्री स्टुलावर बसला होता. मिल चालवणारा तोच. त्यानं सकाळपासून काही काम नसताना तीनदा हात धुतले होते.

मिल सुरू करा म्हटल्यावर त्यानं विचारलं, सेठनं सांगितलं का. मी खोटं बोलणार नव्हते. नाही, मी सांगते आहे, असं म्हटलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तुम्ही कोण, तर सचिव. सचिव सेठच्या वर असतो का खाली, असं त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. मी सांगितलं, बाजूला.

ते त्याला काही पटलं नाही. मी दुर्पताबाईंची अडचण सांगितली.

“मंग असं बोला ना, मॅडम. वर-खाली कायले करून राहिले?” तो उठला. “मले बी सकारपासून कसंतरीच वाटून राह्यलं. कानाले काई टेकालेच नाई.”

दोन वाजून बावन्न मिनिटांनी त्यानं खटका ओढला. पट्टे फडफडले, आवारातला बल्ब क्षणभर मंद झाला, मोटर कण्हली, चढली आणि अर्ध्या मिनिटात तिच्या जागी येऊन बसली. धान घातलं नव्हतं; नुसती रिकामी मिल चालत होती. मी गोदामाकडे धावले. तिथं मी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुर्पताबाई माईककडे पाठ करून मशिनघराच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि रोशन माईकचा स्टँड उचलून त्यांच्या आणि भिंतीच्या मधे नेऊन ठेवत होता.

त्यांनी डोळे मिटले नाहीत की हात जोडले नाहीत. जरा वेळ ऐकलं, मान हलवली, जणू समोरच्यानं ‘हं’ म्हटलं आहे, आणि सुरू केलं.

मी चार कडवी ऐकली. चौथ्यातली ती उंच जागा त्यांनी घेतली तेव्हा रोशननं स्क्रीनवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. ध्वनिमुद्रक असं सहसा करत नाहीत. मग मला बैठक आठवली आणि मी परत गेले.

मिल सुरू झाल्यावर ऑफिसात आरडाओरडा झाला असेल, मला परवानगी कुणी दिली, असं विचारतील, म्हणून मी दारात तयार उभी राहिले. आत सगळे ओरडतच होते. पण नेहमीसारखे. भिंत घरघरत होती आणि तिच्यावरून आवाज चढवून सेठ प्रस्ताव पुन्हा मांडत होते. भूपेंद्र सर मान डोलावत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं. सेठच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दामिनीताईंनी पर्समधून बडीशेप काढून फिरवली. फोनवरचे तिघं पुन्हा संमती देणारे झाले होते. मिल सुरू झाली आहे हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. फक्त बरं वाटायला लागलं होतं.

मी बसले आणि वही उघडली.

चर्चा चांगली झाली. भूपेंद्र सरांनी दोनदा सांगितलं की मिल सुरू करणं हा धोरणात्मक निर्णय आहे, घाई करू नये. मिलच्या आवाजात ते त्यांना तिसऱ्यांदा सांगावं लागलं. अखेर असं ठरलं की मिल प्रायोगिक तत्त्वावर वीस मिनिटं सुरू करावी, त्याचा अनुभव पाहून पुढचा विचार करावा. तीन वाजून दहा मिनिटांनी ठराव मंजूर झाला. सेठ उदारामला सांगायला स्वतः गेले. मिल चालूच आहे हे पाहून ते परत आले. आपला शब्द या आवारात इतक्या लवकर पाळला जातो, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आम्ही सगळे मिळून तिसरा टेक घ्यायला गोदामात गेलो. रोशन तारा गुंडाळत होता. दुर्पताबाई थप्पीवर बसून चहा पीत होत्या. झालं, असं रोशननं सांगितलं आणि हेडफोन दामिनीताईंच्या कानाला लावला. दामिनीताईंनी पूर्ण बारा कडवी उभ्यानं ऐकली. शेवटी एवढंच म्हणाल्या की तान नाही घेतली, पण चालेल. पेटीच्या खोक्याचं झाकण त्यांनी स्वतः लावलं.

वेळ उरला नव्हता, त्यामुळे संस्थागीत पुढच्या वर्षावर गेलं.

इतिवृत्तात मी वेळा जशा होत्या तशा लिहिल्या. ‘२.५२ : मिल सुरू. ३.०४ : तिसरा टेक पूर्ण. ३.१० : मिल सुरू करण्यास मंडळाची मंजुरी.’ पुढच्या बैठकीत मी ते मोठ्यानं वाचलं. मिल चालू होती. इतिवृत्त एकमतानं कायम झालं.

त्याच बैठकीत दोन विषय आले. पहिला, गाण्यामागची घरघर यंत्रानं काढता येईल का. भूपेंद्र सरांचा आग्रह होता. मी एका कागदावर गाण्याची माहिती लिहून सेठपुढे सरकवली. गीत, चाल, गायन : दुर्पता कुंभरे. साथ : गोपीचंद राइस मिल, सौंदड. सेठनी ती दुसरी ओळ बोटानं दोनदा वाचली. मग म्हणाले की घरघर काढायची नाही. कलाकाराच्या साथीला हात लावणं संस्थेच्या उद्देशात बसत नाही. इतकं मुद्देसूद ते त्याआधी कधी बोलले नव्हते.

दुसरा विषय, मार्गदर्शन करणाऱ्यांची नावं. ती हवीतच, यावर मतभेद नव्हता. क्रमावर होता. त्याला तीन बैठका लागल्या. शेवटी सातही नावं, पदं आणि पदव्यांसह, गाण्याखाली टाकायचं ठरलं आणि टंकलेखन सचिवांकडे आलं. मी सगळी नावं टाकली, एकही गाळलं नाही. त्या कागदावरच्या दोन ओळी मात्र आधी टाकल्या.

गाणं इंटरनेटवर निघाल्यावर पडवीत दुर्पताबाईंनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. काच तडकलेली होती, पण नाव नीट दिसत होतं. मांडवात पिंकी अजून नाचते, हे त्यांनीच सांगितलं. पण परवा सालेकशाला एका लग्नात त्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे गेल्या आणि त्याच्या डोळ्यांपुढे फोन धरून उभ्या राहिल्या. तो काय म्हणाला, मी विचारलं. माईक बंद करून वाचत बसला. मग गाण्याआधी त्यांचं नाव घेतलं, चुकीचं घेतलं, द्रौपदीबाई म्हणाला, तर त्यांनी तिथंच दुरुस्त करून पुन्हा घ्यायला लावलं.

फोनवर गाण्याखाली दोनच ओळी दिसतात. पुढचं वाचायचं तर ‘आणखी पाहा’ असं असतं, त्यावर बोट ठेवावं लागतं.

“याच्या खालते अखीन काई हाये का जी?” दुर्पताबाईंनी विचारलं.

“मार्गदर्शन आहे.”

त्यांनी थोडा विचार केला. आत मिल चालू होती.

“मंग राहू द्या,” त्या म्हणाल्या आणि फोन कमरेला खोचून चाळणी उचलली.